रेंज रिकामी दिसते, तरी तारीख का मिळत नाही?

एका भाऊंनी विचारलंय की कोल्हापूरची फायरिंग रेंज, म्हणजे जवानांच्या गोळीबार सरावाचं मैदान, आठवड्यातले निम्मे दिवस ओस दिसते, मग युनिटांना तारखेसाठी ताटकळत का बसावं लागतं? मी स्वतः कोट एनसीओ, म्हणजे युनिटचं शस्त्रागार सांभाळणारा, होतो, म्हणून लिहितो.

रेंज मिळणं म्हणजे नुसतं मैदान मिळणं नव्हे. लाल बावटा चढवायचा, चारी बाजूंना संत्री (पहारेकरी) उभे करायचे, गुरं वळणाऱ्या पोरांना लांब न्यायचं, रुग्णवाहिका हजर ठेवायची. बट पार्टी, म्हणजे टार्गेट सांभाळणारी माणसं, खंदकात उतरून 'सगळे आत' असं कळवेपर्यंत एक गोळी सुटत नाही. संध्याकाळी झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजताना एक कमी भरली, तर बॅटरीच्या उजेडात सगळी कंपनी गवत चाळत बसते. मीही चाळलंय.

त्यात कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर टार्गेटचा कागद भिजून लोळागोळा होतो, धुक्यात तीनशे मीटरवरचं दिसत नाही. उरलेल्या महिन्यांतच सगळ्यांची गर्दी. टेंबलाईच्या टेरिटोरियल आर्मीच्या (आपला कामधंदा सांभाळून करायच्या अर्धवेळ सेनेच्या) १०९ बटालियनसारख्या युनिटांतले जवान तर, लांबच्या ड्यूटीवर बोलावलेले नसतील तेव्हा, वर्षातले थोडेच दिवस वर्दीत असतात. त्यांची तारीख हुकली की वर्ष गेलं. पहिला हक्क त्यांना द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि दोन युनिटांनी एक दिवस वाटून घ्यावा. एकाचं फायरिंग चालू असताना दुसऱ्याने मागे शिस्त लावणं (नेम धरण्याचा सराव), अंतराचा अंदाज, हत्याराची सफाई उरकावी; जेवणानंतर अदलाबदल. बावटा, संत्री, रुग्णवाहिका तीच. फक्त दारूगोळ्याचा हिशेब दोघांचा वेगळा ठेवा, तिथे भागीदारी नको.