मदत हवी आहे : रेखाटनावर उठलेले तांबूस ठिपके

मालवणला राहतो. फारसं नाव न झालेल्या कोकणातल्या चित्रकारांची मूळ रेखाटनं जमवतो. त्यातल्या एका होडीच्या चित्रावर (पेन्सिल आणि काळी शाई, कार्ट्रिज म्हणजे रेखाटनाचा जाडसर कागद) या पावसाळ्यात तांबूस ठिपके उठलेत, तेही नेमके आभाळाच्या कोऱ्या जागेत. मागे साधा पुठ्ठा डिंकाने चिकटवलेला आहे, त्याच्या कडेने कागद पिवळा पडलाय. कोपऱ्यात पेन्सिलीची सही आहे. ती पुसली गेली तर चित्र कोणाचं हे सांगायला दुसरं काहीच नाही, म्हणून जीव धास्तावलाय.

फ्रेममधून काढलं, मऊ ब्रशने बुरशी झटकली, डब्यात ठेवून सोबत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलं. लव गेली, ठिपके तसेच. ऊन किंवा पाणी लावलेलं नाही. ब्लीच नको, डाग राहिले तरी चालतील, पण वाढायला नकोत. वीज सारखी जाते, त्यामुळे एसीचा उपाय नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, वेळ पडली तर स्वतः घेऊन जाईन, कुरिअर नाही.

पुठ्ठा आत्ता दमट हवेतच सोडवावा, की दिवाळीनंतर हवा कोरडी होईपर्यंत थांबावं? आणि घरी सोडवता येत असेल, तर पाणी न लावता कसा?