एनसीसी म्हणजे 'फुकटचे पहारेकरी'? मग ऐकाच आता

मांजराकाठची
परवा भरती_मास्तर यांनी जे टाकलं ते वाचून दोन दिवस गप्प बसले, काल रात्री झोपच येईना म्हणून लिहायलेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एनसीसी, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय छात्र सेना, ही पुढाऱ्यांच्या कार्यक्रमाला दोरी धरून उभे राहणारे फुकटचे पहारेकरी, तीन वर्षं उन्हात 'पीछे मुड', शेवटी हातात कागद, त्यापेक्षा पोरांनी भरतीची अकॅडमी लावून सोळाशे मीटर धावणं काढावं. आणि खाली एक ओळ होती, 'पोरी तर नुसत्या फोटोपुरत्या.' ती ओळ लागली मला.

मी औसा तालुक्यातली. लातूरला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं तेव्हा घरी सांगितलंच नव्हतं. सांगावं लागलं दहा दिवसांच्या कॅम्पच्या वेळी. आमचे अण्णा मैत्रिणीच्या लग्नाला मुक्कामी पाठवायचे नाहीत, कॅम्पला कुठलं पाठवतात? पण बटालियनचं पत्र आलं होतं, शिक्का बिक्का मारलेलं. अण्णा ते घेऊन सरपंचाकडं गेले. सरपंचांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, मिलिटरीचा कागद आहे, याला नाही म्हणता येत नसतं. सपशेल खोटं! १९४८ च्या कायद्यातच आहे की कॅडेटवर सैन्यात जायचं बंधन नाही, आणि एनसीसी आपल्या मर्जीची. पण त्या एका खोट्यावर मी घराबाहेर दहा रात्री काढल्या, आयुष्यात पहिल्यांदा.

बूट माझ्या मापाचे नव्हतेच. पाय चार नंबरचा, हातात पडला सहा नंबर. पुढं पेपरचे बोळे कोंबून परेड केली, टाचेला फोड आला, फुटला, मोजा चिकटला. तिसऱ्या दिवशी पाळी आली, फॉलआउट, म्हणजे रांगेतून सुट्टी, मागायला लाज वाटायली, तर मुलींना शिकवणाऱ्या जीसीआय मॅडमनी चेहरा बघूनच मला किचनच्या ड्युटीवर पाठवलं, एका शब्दानं विचारलं नाही. फायरिंगला पॉइंट टू टूच्या पाच गोळ्या मिळाल्या. पोटावर आडवं पडायचं, कोपराखाली खडी रुतायली, चार गोळ्या टार्गेटला लागल्या, पाचवी कुठं गेली ते अजून कळालं नाही. शेजारच्या लेनवर आमच्याच कॉलेजची पोरं, त्यातल्या दोघांचं टार्गेट कोरं.

सैन्यात गेले नाही. एनसीसीचं शेवटचं, सी सर्टिफिकेट मिळालं, बी ग्रेड, त्यामुळं लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचं, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. भोपाळला गेले आणि पहिल्याच दिवशी स्क्रीन आऊट, चाळणीतच बाहेर. आज बँकेत कॅश काउंटरला आहे. मास्तर, तुमच्या हिशोबात मी वाया गेलेली केस. पण गावातून लातूरला, लातूरहून भोपाळला एकटी जाऊन आलेली आमच्या भावकीतली पहिली पोरगी मीच. कुठल्या अकॅडमीनं पाठवलं असतं, आणि किती फीमध्ये?

भरती_मास्तर
ताई, पोरींची ओळ चुकली, मागं घेतो. बाकीचा एक शब्द मागं घेणार नाही.

तुमचंच बघा की. तीन वर्षं केलं, भोपाळला पहिल्या दिवशी घरी. कामून? इंग्रजीत बोलायचं कुणी शिकवलंच नाही. आणि बूट सहा नंबरचा. हे तुम्ही कौतुक म्हणून सांगायलात, मला तर हीच तक्रार वाटायली.

माझ्याकडं जी पोरं येतात त्यांच्या बापाकडं दोन एकर कोरडवाहू. त्याला अनुभव नको, पगार पाहिजे. पोलीस भरतीत पोरांचं ग्राउंड ५० मार्काचं, त्यात २० मार्क सोळाशे मीटरला, १५ शंभर मीटरला, १५ गोळाफेकीला. 'दाहिने सज'ला किती मार्क? सी सर्टिफिकेटला जादा मार्क असतात मान्य, पण ते मिळेपर्यंत तीन वर्षं जातात आणि इकडं सैन्यात २०२२ पासून अग्निवीर आलं, त्याचं वय विशी उलटली की संपत येतं. त्यातही चार वर्षांनी चारातला एकच आत राहतो.

आणि पहारेकरी का म्हणलो ते ऐका. एका नेत्याचं हेलिकॉप्टर यायचं होतं, नाव घेत नाही. पोरं सकाळी सातला मैदानावर. नेता आला एकला. दोन पोरं चक्कर येऊन पडली, ओआरएस मी माझ्या खिशातून आणलं. हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे?

पैठणगेट
मास्तर, आधी हे सांगा की तुमची स्वतःची अकॅडमी आहे का नाही? आहे ना? मग दुकानदारानं समोरच्या दुकानाला नावं ठेवली तर आम्ही किती मनावर घ्यायचं.

भरती_मास्तर
आहे. लपवलं कधी? निम्म्या पोरांची फी उधार आहे, या वसूल करून द्या.

जुना_कॅडेट_९३
मी सहसा लिहीत नाही, वाचतो फक्त. पण 'फुकटचे पहारेकरी' वाचून राहवलं नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी, भूकंप झाला. आदल्या रात्री विसर्जन झालेलं, आम्ही होस्टेलवर नुकतेच पडलो होतो. दुसऱ्या दिवशी आम्हा वीस एक कॅडेटना ट्रकमध्ये घालून किल्लारीकडं नेलं. वरून पाऊस. आर्मीवाले आधीच कामाला लागलेले. आम्हाला काहीच येत नव्हतं, खरं सांगतो. मलमपट्टी वहीत शिकलेली, हातमोजे नव्हते, नाकाला रुमाल. त्या दगड-मातीच्या भिंती माणसाच्या हातभर जाड, आणि माळवदाची सगळी माती आतल्यांच्या अंगावर. एकच गोष्ट येत होती ती म्हणजे रांग धरणं. घमेलं हातोहात द्यायला रांग लागते आणि रांगेत कुणी मधेच थांबलं की मागचं सगळं अडतं. सुभेदार साहेब नुसतं 'चलते रहो, चलते रहो' म्हणत होते. एका घमेल्यात पाटी आली, शाळेची, न फुटलेली. ती मी खाली ठेवली नाही, पुढं दिली, कारण थांबायचं नव्हतं.

एवढंच. त्याचे मला कुठं मार्क मिळाले नाहीत मास्तर.

उदगीरचा_बंड्या
काका, तुम्हाला नमस्कार. पण खरं बोलायचं तर त्या दिवशी आमच्या मामाच्या गावची बिनवर्दीची पोरंही ट्रॅक्टर घेऊन गेली होती. रांग वारकऱ्यांनाही येते. ती एनसीसीमुळंच आली असं कसं म्हणायचं?

जुना_कॅडेट_९३
तसं म्हणलो नाही मी. मी माझं सांगितलं.

गोदातीर_वाचक
मुद्दा भलतीकडं जातोय. प्रश्न असा आहे की कोवळ्या वयात हुकूम पाळायला शिकवणं चांगलं का? जून २०२५ मध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून सैनिकी प्रशिक्षण देणार म्हणून सांगितलं. पहिलीच्या लेकराला! आपण मराठवाड्यातले लोक, वर्दीतल्या स्वयंसेवकांचं काय होतं ते आपल्या आजोबांनी बघितलंय. रझाकार या शब्दाचा अर्थच स्वयंसेवक. तेही पोरंच होती, त्यांचीही कवायत चालायची.

पैठणगेट
सर, तुम्ही एनसीसीला रझाकारांशेजारी बसवायलात? जरा भान ठेवा. माझ्या पणजोबाचं घर जाळलं होतं त्यांनी. आणि तारखा बघा ना. एनसीसीचा कायदा एप्रिल १९४८ चा, सुरुवात जुलैत. तेव्हा आपण निजामाच्याच राज्यात होतो, १७ सप्टेंबरला सुटलो. म्हणजे तिकडची पोरं पहिली परेड करत होती तेव्हा आमचे लोक रानात लपून बसले होते. कवायत आमच्यापर्यंत आधी पोहोचली असती तर बरं झालं असतं.

गोदातीर_वाचक
तुलना मागे घेतो. शब्दाचा अर्थ मागे घेता येत नाही, तो कोशात आहे.

पैठणगेट
कोश घेऊन झोपा मग.

जालना_रोड
सक्तीची करा म्हणतो मी, सगळ्या पोरांना. मोबाईल तरी सुटेल हातातून.

गोदातीर_वाचक
केली होती की. चीनच्या युद्धानंतर १९६३ ला सक्तीची केली आणि १९६८ ला पुन्हा ऐच्छिक करावी लागली. वडील सांगायचे, एकजण चौघांच्या हजेऱ्या लावायचा. एकाच आवाजात.

जालना_रोड
बरं. पण आपल्याला काय मिळतं ते तरी बोला. सैनिक स्कूल साताऱ्याला १९६१ पासून, नंतरचं चंद्रपूरला. दिल्लीत एनसीसीतला पहिल्या नंबरचा पंतप्रधान बॅनर महाराष्ट्रानं २०२२, २३, २४ असा लागोपाठ मारला, लई भारी, पण त्या संघात आपल्याकडची पोरं किती होती? अनुशेष म्हणजे काय फक्त पाण्याचाच असतो का.

पैठणगेट
एसपीआय विसरलात, सैन्यात अधिकारी व्हायच्या तयारीची सरकारी संस्था. १९७७ पासून आमच्या संभाजीनगरातच आहे, अख्ख्या राज्यातली पोरं एनडीएच्या तयारीला इथं येतात.

जालना_रोड
अख्ख्या राज्यातली. तेच म्हणायलो.

उदगीरचा_बंड्या
हे सगळं सोडा हो. खऱ्या विषयावर कुणी बोलेना. रिफ्रेशमेंटचे पैसे कुठं जातात?

आमच्या कॉलेजात (नाव विचारू नका) परेड झाली की रजिस्टर फिरायचं. त्यात लिहिलेलं, समोसे दोन, केळं एक, चहा. सही करायची. हातात यायचा बिस्किटाचा छोटा पुडा, तोही दोघांत एक. तीन वर्षांत दोनशे तरी समोसे खाल्ल्याची सही माझ्या नावावर आहे. खाल्ले किती? दोन. तेही कर्नल साहेब व्हिजिटला आले होते म्हणून.

मांजराकाठची
अरे देवा. आमच्याकडंही सहीच होती. पण आमच्या इथं चुरमुऱ्याचा सुशीला मिळायचा, कागदावर, वरून शेव. मी त्यासाठीच परेड चुकवत नव्हते, आता कबूल करते.

जालना_रोड
सुशीला?? तुमची मज्जा होती की. आम्हाला केळं मिळायचं, काळं पडलेलं. ते सोलायच्या आधीच सोललेलं असायचं.

भरती_मास्तर
बघा! मी म्हणलो तर दुकानदार. आता तुम्हीच पुरावे द्यायलात.

मांजराकाठची
मास्तर, सुशीला चोरीला गेला म्हणून एनसीसी बंद करायची असेल तर मध्यान्ह भोजन, रेशन, सगळंच बंद करावं लागेल.

निवृत्त_एएनओ
आता मला बोलावंच लागेल. मी अठरा वर्षं एएनओ, म्हणजे कॉलेजात एनसीसी सांभाळणारा प्राध्यापक होतो. कामठीला जाऊन ट्रेनिंग केलं, शनिवार रविवार मैदानावर गेले, घरचे म्हणायचे मास्तर का हवालदार ते एकदा ठरवा. मानधन म्हणजे पेट्रोलला पुरायचं नाही. रिफ्रेशमेंटचा दर सरकारी, तो वाढायचा पाच दहा वर्षांनी, समोसा वाढायचा दर दिवाळीला. पैसे यायचे सहा महिन्यांनी, तेही बिलं दिल्यावर. तोपर्यंत हॉटेलवाल्याला उधारी कुणी द्यायची? मी द्यायचो. दोन समोसे लिहिले नाहीत तर बिल परत यायचं, कारण मंजुरीत तसं लिहिलंय. म्हणून लिहायचं दोन, द्यायचं जे परवडेल ते.

उदगीरचा_बंड्या
म्हणजे सर, खोटी सही घेत होतात हे मान्य.

निवृत्त_एएनओ
तुझ्याकडून घेतली का मी? तुझं कॉलेज वेगळं असेल. सगळेच साधू होते असं मी म्हणत नाही. काहींनी खाल्लं, मी बघितलंय. पण सगळ्यांना एका काठीनं हाणू नको.

उदगीरचा_बंड्या
सर, २००७ ची बॅच. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड, त्याखाली तुमची हिरवी स्कूटर. आवाजावरून नाही, पण 'मास्तर का हवालदार'वरून ओळखलं. वर्गात पण हेच सांगायचात.

निवृत्त_एएनओ
...

रोल नंबर सांग.

उदगीरचा_बंड्या
सांगतो, पण आधी समोसे.

पैठणगेट
😂😂 मी सकाळपासून काम सोडून हे वाचायलो

भरती_मास्तर
माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, नोंद घ्या. सात ते एक पोरं उन्हात कशाला?

निवृत्त_एएनओ
ते चूकच. त्यावर मी भांडलो होतो, बदली झाली असती थोडक्यात. लिहून मागा म्हणायचो, लेखी आदेश कुणी देत नाही, नुसता फोन येतो. मास्तर, यात मी तुमच्या बाजूनं आहे, नाइलाजानं.

आणि बंड्या, बिलं केव्हाच ऑडिटला गेली, आता हिशोब होणार नाही. उदगीरला कधी आलो तर दोन समोसे घेऊन देतो. सही मात्र करावी लागेल.