मदत हवी आहे: पावसाळ्यातल्या कातळासाठी ट्रेल रनिंगचे (डोंगरवाटांवर पळायचे) बूट

नमस्कार मंडळी. मी बेलापूरला राहते. आठवड्यातून तीनदा पारसिकच्या टेकडीवर आणि रविवारी खारघरच्या डोंगरावर पळते. पाऊस ओसरला की लोणावळ्याहून राजमाची पळत करायची मनापासून इच्छा आहे.

अडचण उतारावर येते. आपला सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, त्यावर जुलैत शेवाळ धरतं. गेल्या रविवारी ओढा ओलांडताना साध्या रोड रनिंगच्या बुटांवरून सपशेल घसरले, मनगट दुखावलं. आता ट्रेलचेच बूट घ्यायचेत.

दोन जोड बघून ठेवलेत. सॅलोमन स्पीडक्रॉस ६ आणि होका स्पीडगोट ५. दोन्हींचे लग, म्हणजे सोलखालचे दात, ५ मिमीचे, पण स्पीडक्रॉसचा ड्रॉप (टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक) १० मिमी आणि स्पीडगोटचा ४. स्पीडगोटला व्हायब्रम कंपनीच्या मेगाग्रिप या चिकट रबराचा सोल आहे. मला वाटतं, चिखलात खोल लग कामाला येतात, पण ओल्या दगडावर रबर मऊ आणि चिकट असणंच महत्त्वाचं. बरोबर आहे ना हे?

शिवाय स्पीडगोटसारख्या जाड गादीच्या बुटात पाय उंचावर राहतो, मग सुट्या दगडांवर घोटा मुरगळण्याची भीती वाटते. माझा डावा घोटा आधीच नाजूक आहे.

येऊरला किंवा खारघरला यांपैकी काही वापरून पळणारं कुणी आहे का? पाणी आत गेल्यावर किती लवकर निथळतं? कातळावर सोल किती किलोमीटर टिकला? आणि ठाणे-नवी मुंबईत घालून, उतारावर चालून बघू देणारं दुकान माहीत असेल तर जरूर सांगा. ऑनलाइन मागवायचं धाडस होत नाही.