डेव्ह बिंग: डेट्रॉइटचा महापौर म्हणून फसला म्हणून माणूसच फसला असं म्हणायचं का?

जुना_पॉइंटगार्ड:
परवा आमच्या कट्ट्यावर एकाने सरळ सांगून टाकलं, डेव्ह बिंग म्हणजे ज्याच्या हाताखाली अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर दिवाळखोरीत बुडालं तो महापौर. मला ते फार लागलं म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा आधी बास्केटबॉलपटू, वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीतला पोरगा, जन्म १९४३, पाच वर्षांचा असताना दोन काठ्या खिळ्याने जोडून केलेल्या घोड्यावर खेळत होता, पडला आणि खिळा डाव्या डोळ्यात घुसला, घरी ऑपरेशनला पैसे नव्हते त्यामुळे त्या डोळ्याने आयुष्यभर अंधुकच दिसायचं. अशा डोळ्याने हा सिरॅक्यूज विद्यापीठाकडून खेळला आणि शेवटच्या वर्षी मॅचमागे २८.४ पॉइंट काढले! बास्केटबॉल खेळलेल्याला विचारा, अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी येतो, मी नुसता एक डोळा झाकून फ्री थ्रो मारून बघितलेत, बॉल रिंगलासुद्धा लागत नाही.

१९६६ ला डेट्रॉइट पिस्टन्स या एनबीए लीगमधल्या टीमला खरं तर मिशिगन विद्यापीठाचा कॅझी रसेल हवा होता, पण पहिला खेळाडू कोणी निवडायचा याची नाणेफेक हरले, रसेल न्यूयॉर्कला गेला आणि यांच्या वाट्याला बिंग आला. पहिल्याच सीझनला तो रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या खेळाडूंमधला सर्वोत्तम, पुढच्या सीझनला लीगमधे सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे. १९७१ ला दुसऱ्या, म्हणजे चांगल्या डोळ्याचा पडदा सुटला, तरी त्याच सीझनला परत उतरला.

आणि माझा मुद्दा इथून पुढे सुरू होतो. ऑफ सीझनला तो डेट्रॉइटच्या बँकेत काम शिकत होता. रिटायर झाल्यावर १९८० ला चार माणसं घेऊन भाड्याच्या गोदामात बिंग स्टील काढली. स्वतःचे ८०,००० डॉलर सहा महिन्यात गेले. मग स्वतः माल बनवायचा नाद सोडून मधल्या विक्रेत्याचं काम धरलं, जनरल मोटर्स गिऱ्हाईक मिळालं आणि १९८५ पर्यंत दोन प्लँट, ६३ कामगार, ४ कोटी डॉलरची उलाढाल. शहरातून गोरे काय, पैसेवाले काळेपण निघून चालले होते त्या काळात. १९८९ ला सरकारी शाळांमधले खेळ पैशाअभावी बंद पडायला आले तेव्हा फिरून पैसे गोळा केले ते यानेच. महापौरकीची चार-साडेचार वर्षं एका पारड्यात आणि ही तीस वर्षं दुसऱ्या पारड्यात घाला की.

भुसावळ_टू_नोव्ही:
दादा, मी इथे मिशिगनला १८ वर्ष आहे, आदर ठेवूनच बोलते. तुम्ही म्हणता तीस वर्ष शहरात, पण महापौरकीला उभा राहायची वेळ आली तेव्हा हा राहत होता फ्रँकलिनला, म्हणजे डेट्रॉइटच्या बाहेरच्या श्रीमंत उपनगरात, निवडणुकीसाठी शहरात घर घेतलं. तिथल्या लोकांना ते खटकणारच ना. आपण मराठी माणसं सगळी नोव्ही, ट्रॉय, कँटन अशा उपनगरांत, हद्दीवरच्या एट माईल रोडच्या पलीकडे शहर सुरू होतं एवढंच आपल्याला माहीत, म्हणून आपल्याला ते साधं वाटतं.

आणि २०११-१२ च्या सुमाराची गोष्ट, रात्री एअरपोर्टवरून येताना नवऱ्याने चुकीचा एक्झिट घेतला आणि आम्ही आतल्या गल्लीत शिरलो. अख्ख्या रस्त्याला एक दिवा नाही. गाडीच्या लाइटमधे दिसतंय तेवढंच, जळकी घरं, मधे मोकळे प्लॉट, आणि एका घराच्या पोर्चवर एक आजी खुर्ची टाकून बसलेली, तिने पोर्चचा बल्ब लावलेला, त्या गल्लीत उजेड काय तो तेवढाच. शहरातले चाळीस टक्के दिवे बंद होते तेव्हा. त्या आजीला तुम्ही १९८५ ची उलाढाल सांगणार का?

जुना_पॉइंटगार्ड:
ताई, आजीचं मला पटतं, खरंच पटतं. पण तारखा बघा ना जरा. आधी निवडून आलेला महापौर क्वामे किलपॅट्रिक, त्याला गुन्हा कबूल करून २००८ ला खुर्ची सोडावी लागली, बिंग निवडून आला मे २००९ ला, क्रायस्लर ही मोटार कंपनी दिवाळखोरीत गेली त्याच्या आधी काही दिवस आणि जनरल मोटर्स १ जूनला. १९५० ला १८ लाखांवर असलेलं शहर २०१० च्या जनगणनेत ७ लाख १४ हजारांवर आलेलं, रस्ते, पाइप, पेन्शन मात्र १८ लाखांच्या हिशोबाचे. वयाच्या ६५ व्या वर्षी पगार न घेता हे अंगावर घेणारा माणूस कुठला. आणि दिव्यांचं म्हणाल तर नवीन ६५ हजार एलईडी दिवे पुढचा महापौर डगन याच्या काळात २०१६ ला पूर्ण झाले, टाळ्या त्याला पडल्या, पण ज्या प्राधिकरणाने ते बसवले त्याचा कायदा डिसेंबर २०१२ चा, म्हणजे बिंग महापौर असतानाचा.

पेन्शनर_कोथरूड:
मी महापालिकेत ३४ वर्ष नोकरी केली आहे त्यामुळे मला दुसरी बाजू दिसते. त्या माणसाने २०१२ ला कर्मचाऱ्यांचा दहा टक्के पगार कापला. त्याच वर्षी शहराच्या पैशावर राज्याची देखरेख मान्य करणारा करार केला, आणि मार्च २०१३ ला राज्याने केव्हिन ऑर नावाचा इमर्जन्सी मॅनेजर आणून बसवला. आपल्या भाषेत प्रशासक. मुंबई पुण्याला २०२२ नंतर कित्येक वर्ष प्रशासक होते, तेव्हा साध्या ड्रेनेजच्या तक्रारीला कोणाचं दार ठोठवायचं हे लोकांना कळत नव्हतं, मग तिथल्या लोकांचं काय झालं असेल विचार करा. जुलै २०१३ ला दिवाळखोरीचा अर्ज, सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं, आणि शेवटी साध्या निवृत्त कर्मचाऱ्याची पेन्शन साडेचार टक्क्याने कापली, वर महागाईची वाढ बंद. ज्याने आयुष्यभर कचरा उचलला त्याच्या ताटातला घास गेला. बिंग चांगला माणूस असेल, पण कंपनी चालवायची आणि शहर चालवायचं यात फरक आहे. कंपनीत नुकसान झालं की धंदा बदलता येतो, शहराला वस्ती बदलता येत नाही.

जुना_पॉइंटगार्ड:
काका, शेवटचं वाक्य तुमचं बरोबर आहे आणि त्यानेही हीच चूक केली असं मला वाटतं. डेट्रॉइट वर्क्स नावाची योजना आणली, म्हणजे विरळ वस्त्यांतून लोकांना दाट वस्तीत आणायचं आणि सेवा तिथे द्यायच्या. कागदावर बरोबर. पण ज्या बाईने नवरा गेला, शेजार गेला तरी घर सोडलं नाही तिला तुम्ही कसं सांगणार की आता सरक. लोक चिडले आणि ते बरोबरच होतं. एवढं मी मान्य करतो.

पण प्रशासक त्याने मागवला नव्हता, गव्हर्नरने नेमला. आणि २०१३ ला पुन्हा उभा न राहता तो घरी गेला, तर गोल्फ खेळत नाही बसला. सत्तरी ओलांडल्यावर २०१४ ला काळ्या मुलांसाठी मेंटॉरिंगचं काम सुरू केलं, एका मुलामागे एक मोठा माणूस, वर्षानुवर्षं तोच. ज्या घरात बाप नाही तिथे ठरल्या दिवशी दारात कोणीतरी येणं ही काय चीज असते ते मला माझ्या कोचमुळे माहीत आहे. माझे वडील मी नववीत असताना गेले, कोच दर रविवारी सकाळी सहाला सायकलवरून खाली येऊन बेल वाजवायचे. वर कधी आले नाहीत, नुसती बेल.

भुसावळ_टू_नोव्ही:
दादा हे वाचून गलबललं. मेंटॉरिंगबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही, ते काम मोठंच. माझं म्हणणं एवढंच की ते मोठं आहे म्हणून २००९ ते २०१३ चा हिशोब माफ होत नाही. दोन्ही लिहा.

पेन्शनर_कोथरूड:
सहमत. आणि ते साडेचार टक्के पहिल्या ओळीत लिहा.

जुना_पॉइंटगार्ड:
लिहितो काका. पण खिळा आणि गोदाम त्याच्याही आधी लिहिणार, क्रमाने तेच आधी घडलं.