पत्र्याखालचे म्हातारे आणि ‘हौसेने काढलेली कौलं’

ओटीवरची
काल इथे एका चाकरमानी सदस्याने लिहिलं: “कौलं हौसेने काढलीत, पत्रे घातलेत, आता उकडतंय म्हणून सरकारने छताला अस्तर लावून द्यायचं, हा फुकटेपणा आहे. आमच्या आजोबांना लागलं होतं का इन्सुलेशन?” दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

हौस? माझी चुलती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, राजापूर तालुक्यात एकटी राहते. दर वैशाखात घर शाकारायला, म्हणजे पावसाआधी कौलं चाळून नीट लावायला, गडी मिळेनासे झाले. आढ्यापर्यंत चढून कौलं चाळणारी वाडीत दोनच माणसं उरली होती, त्यातला एक पुण्याला वॉचमन झाला. पाणी मुरून वासे कुजले, तेव्हा मुलाने कर्ज काढून लोखंडी सांगाडा आणि पत्रे घातले. पाऊस थांबला. पण मार्चपासून मृग लागेपर्यंत आणि परत ऑक्टोबरात ती दुपारी घरात टेकू शकत नाही. बीपीची गोळी घेऊन फणसाखाली बसते.

हवामान खातं मैदानात ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर ३७ लाच. इथे घाम वाळतच नाही, आणि पत्र्याखाली म्हणजे डोक्यावर तापलेला तवा.

श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याला १५०० मिळतात. गड्याची दोन दिवसांची मजुरी दिली की ते संपले. घरकुलाच्या निकषांत पत्र्याचं छप्पर पक्क्यात धरतात, म्हणजे १ लाख २० हजारांच्या यादीतही ती नाही. वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कंबरपट्टा यांसाठी एकदाच ३०००. मी बंगला मागत नाही. ६५ च्या पुढच्या, पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या फक्त निजायच्या खोलीला अस्तर आणि वरून पांढरा रंग, मजुरीसकट. म्हातारं माणूस शिडीवर चढू शकत नाही, नुसतं सामान देऊन काय करणार?

गिरगाव_ते_गाव
ते लिहिणारा मीच. शब्द लागला असेल तर बदला, मुद्दा तोच राहील. मंगळुरात १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल आपल्या किनाऱ्यावर टिकलंय. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, पत्रा ती कोंडून ठेवतो. आधी चुकीचं छप्पर, मग त्याला सरकारी पैशाने मलम. तोच पैसा शाकारणीला द्या. गडी नसतील तर गावच्या पोरांना शिकवा, त्यांनाही काम मिळेल.

बाबल_कुडाळ
मुंबैत बसान सांगूक सोप्पा. माकडा कौलार उड्या मारतत, तेंका कोण सांगतलो?

देवगडची_सून
बाबलदादा, बरोब्बर! पत्र्याचं खरं कारण हेच आहे आणि कुणी बोलत नाही. आमच्या घरावर दर दोन दिवसांनी वानरांची टोळी येते. फणस, पेरू, शेवगा सगळं गेलं, आता कौलं उचलून आत हात घालतात. सासरे हाकलायला खळ्यात, म्हणजे अंगणात, धावले, शेणावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. अर्ज घेऊन ज्या कार्यालयात गेलो तिथे सांगितलं, पंचनाम्यासाठी नुकसान झालेली कौलं तशीच ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात! घरात पाणी घेऊन पंचनाम्याची वाट बघायची का?

रानवाट
माकडांवर सगळं ढकलू नका. डोंगरच्या डोंगर उघडे करून आंब्याची कलमं आणि काजू लावले. रानातली उंबरं, आटक, करवंदं संपवली. ती खायला जाणार कुठे? आणि देवळाच्या पायरीवर केळी देणारे आपलेच लोक.

देवगडची_सून
तुम्ही शहरात राहून उंबरं मोजा. आमच्याकडे हाड मोडलंय.

रानवाट
मी सावंतवाडीत राहतो, शहरात नाही. माझीही कौलं फुटतात. फुटक्या कौलासाठी जनावराला शिव्या घालायच्या नाहीत एवढंच म्हणतोय.

बाबल_कुडाळ
घाल मगे तूच तेंका रोज जेवण.

ओटीवरची
अहो, माकडांसाठी वेगळा धागा काढा! चुलती तिकडे फणसाखाली बसलीय आणि इथे उंबरं चाललीत.

शिडी_आणि_करवत
तीस वर्षं छपरांची कामं करतोय, रत्नागिरी-संगमेश्वर पट्ट्यात. दोघांचंही अर्धं पटतं. कौलं उत्तम, पण माणूस नाही हे खरं. मात्र अस्तर म्हणून जे चाललंय ते बघवत नाही. लोक पीव्हीसीचं सीलिंग चारी बाजूंनी बंद करून घेतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. वर हवा खेळली नाही की श्रावणात बुरशी येते, लोखंड गंजतं, आणि वर उंदीर, कांडेचोर (उदमांजर) राहायला येतात.

पत्र्याला फॉइलचं बबल शीट मारायचं तर थेट चिकटवू नका, मध्ये चार बोटं हवा राहू दे. छपराच्या उताराच्या खालच्या टोकाला आणि आढ्याला वाट मोकळी ठेवा, जाळी लावा. वरून पांढरा रंग द्यायचा तर फेब्रुवारीत. पावसाळ्यात शेवाळ धरून काळा होतो, दरवर्षी धुवावा लागतो. चुना सिमेंटच्या पत्र्याला आणि स्लॅबला चालतो, जस्ताच्या पत्र्याला नको. आणि सिमेंटचे जुने पत्रे असतील तर भोकं पाडू नका, घासूही नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, धूळ छातीत जाते.

काहीच पैसे नसतील तर पत्र्यावर माडाची चुडतं (झावळ्या) टाका. पण मे संपायच्या आत उतरवा, आणि उतरवणारा माणूस आधी ठरवा.

भाचा_न्यूजर्सी
इकडे १९७६ पासून वेदरायझेशनची सरकारी योजना आहे. कमी उत्पन्नाच्या घरांना भिंती-छताचं अस्तर फुकट, वृद्धांना प्राधान्य. कारागीर घरी येऊन आधी घर तपासतो. आपल्याकडे का होऊ नये?

गिरगाव_ते_गाव
तिकडे थंडी अडवायची असते, म्हणून घर बंद करतात. आपण तेच केलं तर वर शिडीवाल्यांनी सांगितलेली बुरशी. आणि माफ करा, पण भाचे आणि मुलं डॉलर कमावत असताना मामीचं छत पंचायतीने का करायचं? मी स्वतःच्या आईच्या घराला दरवर्षी पैसे पाठवतो.

ओटीवरची
तुम्ही पाठवता, तुमची आई नशीबवान. माझ्या चुलतभावाचा कारखाना बंद पडला, पत्र्याचे हप्ते अजून चालू आहेत. ज्यांना मुलंच नाहीत त्यांचं काय? मुलगा पाठवत नाही, ही शिक्षा आईला का? शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण केलं. तिथे जमतं आणि इथे म्हाताऱ्यांनी मुलांकडे बघत बसायचं?

भाचा_न्यूजर्सी
मी मामीला पैसे पाठवतो, साहेब. काम करणारा माणूस पाठवता येत नाही.

गिरगाव_ते_गाव
हे मान्य. पैसे असूनही माणूस मिळत नाही, हे मलाही भोवलंय. पण कौलांचं घर ज्यांनी अजून राखलंय त्यांना काहीच नाही आणि पत्रेवाल्यांना अस्तर, हे मी चालू देणार नाही. शाकारणीची मजुरीही त्यात धरा, मग तुमच्या मागणीवर सही करतो.

ओटीवरची
धरते. दिव्यांगांसाठी पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के ठेवावेच लागतात, तसं वृद्धांच्या छपरासाठी ठराव मांडून मागू. १ मेच्या ग्रामसभेला तुम्ही गावात असाल. शिडीवाले, एका खोलीला सामान किती लागतं ते लिहून द्याल?

शिडी_आणि_करवत
देतो. खोलीची लांबी-रुंदी आणि पत्र्याचा उतार कळवा. मापाशिवाय आकडा सांगणार नाही.

देवगडची_सून
ठरावात माकडांचा बंदोबस्त घाला, नाहीतर शाकारणीचे पैसे दर महिन्याला लागतील.

ओटीवरची
तो वेगळा ठराव मांडा, मी हात वर करेन. एकात घातलेत तर सभा माकडांवरच संपेल.