माल्टाचा एप्रिल आणि आईचे पाय (भूमध्य समुद्रातल्या बेटावरच्या सुट्टीचे अनुभव)

केतकी_आ
आज माळ्यावरची बॅग काढली, आतल्या खिशात माल्टाच्या बसचं तिकीट निघालं. एप्रिल 2018. खालीच बसले.
आई तेव्हा 66 ची. माहेर गुहागरचं, समुद्र परसदारी. तिला उन्हातला निळा समुद्र दाखवायचा म्हणून मी महिनाभर नकाशे चाळले. ऊन होतं, लखलखीत. मेलिहाच्या पुळणीवर ती निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलून उभी राहिली, एक लाट पावलांवरून गेली आणि म्हणाली, "अगं, हे तर माठातलं पाणी!" पुढचे सहा दिवस पाण्यात पाय घातला नाही तिने. मी हवेचं तापमान बघितलं होतं, पाण्याचं नाही. एप्रिलमध्ये ते 16 अंशांच्या आसपास असतं. उन्हाळाभर तापून सप्टेंबरात 26 पर्यंत जातं. आईवडलांना नेणार असाल तर सप्टेंबर धरा.
आई जाऊन दोन वर्षं झाली. तुमचेही अनुभव लिहा, फसलेले बेतसुद्धा.

मिहिरची_आई
माठातलं पाणी 😢 डोळे भरले गं.

सह्यभटक्या
आम्ही एप्रिल 2017. लेकाने गोझोच्या (माल्टाचंच शेजारचं बेट) त्या दगडी खिडकीचं, म्हणजे समुद्रातल्या नैसर्गिक कमानीचं चित्र भिंतीवर लावलेलं. तिकिटं काढून झाली आणि 8 मार्चला वादळात अख्खी कमान समुद्रात कोसळली. पोरगा दोन दिवस जेवला नाही नीट. तरी गेलो. शेजारी खाऱ्या पाण्याचं तळं आहे, तिथून छोटी होडी डोंगरातल्या भुयारातून थेट समुद्रात काढते. आत अंधार आणि पुढे एकदम निळं. तिथे तो हसला.

अनघा_पुणे
व्हिसा कोणी काढलाय अलीकडे? सासूबाई धरून पाच जणांचा.

दर्याकाठ
@अनघा शेंगेनच लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यासाठी तारखा पटापट संपतात. विमा किमान 30,000 युरोचा हवा, सासूबाईंचा आधी बघा, वयामुळे हप्ता वाढतो. आमचा अर्ज एका एजंटने आठवडाभर तसाच ठेवला होता, म्हणून सांगते, कागद स्वतः मोजा.
आणि सायप्रसही डोक्यात असेल तर ते शेंगेनमध्ये नाही हं, व्हिसाचं वेगळं बघा.

मिहिरची_आई
शाकाहारी माणसाने खायचं काय तिथे?

स्लीमाकर
मी इथेच राहतो, चार वर्षं झाली. पास्तित्सी खा, वाटाण्याच्या सारणाची किंवा रिकोटाची. गरम हातात घेतली की पापुद्रे शर्टभर. फक्त पावाचं सँडविच घेताना "टुना नको" आधीच सांगा, न विचारता हा मासा घालतात.
आता कामाचं: रोज सकाळी वारा बघून पुळण ठरवा. वायव्येचा वारा असला की गोल्डन बे खवळतो, लाल बावटा असेल तर उतरू नका. त्या दिवशी दक्षिणेकडे बिर्झेबुजाला जा. केतकीताई, मेलिहा बरोबर निवडलंत तुम्ही, खूप आतपर्यंत उथळ आहे, वयस्कर माणसांना तीच बरी. स्लीमात सगळा खडक, शिडीने उतरावं लागतं.

सह्यभटक्या
खडकावरून आठवलं, बायकोच्या टाचेत समुद्री साळिंदराचे काटे गेले होते. रबरी चपला न्याच!

जोशी_काका_नाशिक
मला भाषेची गंमत वाटली. लिपी रोमन, पण भाषा अरबीच्या घरातली. रामला म्हणजे वाळू. मेलिहा नावातही मीठच आहे म्हणे. गाडी डावीकडून चालते आणि सॉकेट इंग्लंडसारखं तीन चौकोनी पिनांचं.

अनघा_पुणे
काका, म्हणजे आपले चार्जर नाही चालणार?

जोशी_काका_नाशिक
अडॅप्टर लागेल. लंडनला जाऊन आलेल्या कोणाकडे तरी मिळेल, मागून घे.

दर्याकाठ
कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनला (निळ्या उथळ पाण्याची खाडी) 2025 पासून आधी ऑनलाइन नोंदणी लागते, गर्दी आवरायला. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे टॉवेल टाकायला जागा नसायची, मी स्वतः उभ्याने वडी खाल्ली आहे.

मिहिरची_आई
कसली वडी? 😀

दर्याकाठ
अळूची! तळून नेलेली, दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तम राहिली.

अनघा_पुणे
केतकी, मग काकूंनी ते सहा दिवस काय केलं गं?

केतकी_आ
गोझोला गेलो होतो एक दिवस. बोटीत जाताना तिकीट घेतच नव्हते, पैसे येताना. आई घाबरली, "फुकट कसं बसवतील, उतरवतील आपल्याला." रामलाच्या पुळणीवर वाळू तांबूस आहे. ती सावलीत पाय पसरून बसली आणि मूठ-मूठ वाळू स्वतःच्या पावलांवर ओतत राहिली. ऊन लागून वाळू गरम झालेली. "ही बरी आहे," म्हणाली. तासभर उठायला तयार नव्हती, शेवटची बस चुकता चुकता राहिली.

अनघा_पुणे
सप्टेंबरचंच बघते मग. सासूबाईंना वाचून दाखवलं हे, त्या विचारतायत गोझोला बस किती वेळाने असते?

स्लीमाकर
संध्याकाळी वेळापत्रकाचा फोटो टाकतो.