अनुभव धागा: विमानतळावरची झडती, सातारा-सांगलीच्या सामानासकट

इकडून विमान गाठायचं म्हणजे पुणे नाहीतर मुंबई. कोल्हापूर जवळ, पण उड्डाणं मोजकी. खंबाटकीत अर्धा तास गेला की पुढची सगळी धावपळ तपासणीच्या रांगेत होते. ज्यांना यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी लिहा. किस्से नकोत, तपशील द्या.

कराड
पॉवर बँक चेक-इन बॅगेत (काउंटरवर सोपवतो ती) टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा. लिथियम पेटलं तर केबिनमध्ये कर्मचारी विझवू शकतात, सामानाच्या कप्प्यात हात पोहोचत नाही. मर्यादा 100 वॉट-तास. हिशोब सोपा आहे: एमएएच (पॉवर बँकेवर छापलेली क्षमता) भागिले 1000, गुणिले 3.7. म्हणजे 20,000 ची 74 भरते, चालते. 30,000 ची 111 होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. 160 च्या वर अजिबात नाही. छापील आकडे पुसले गेले असतील तर वाद घालून उपयोग नाही, ती तिथंच राहते.

सांगली
हळद. अमेरिकेच्या विमानात केबिनमध्ये 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर वेगळी तपासणी होते आणि शंका फिटली नाही तर ती जाऊ देत नाहीत. वजन नाही, आकारमान बघतात. सरळ चेक-इनमध्ये टाका. तिखटपूड तर देशातल्या विमानातही केबिनमध्ये चालत नाही. सुकं खोबरं चेक-इनमध्ये बंद, कारण तेलामुळं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. केबिनमध्येही बहुधा काढायला लावतात.

आखातात फराळ पाठवणाऱ्यांनो, अनारशावरची खसखस! दुबईत ती बंदी असलेल्या मालात येते. शेजारणीनं दिलेला डबा असला तरी बॅग ज्याच्या नावावर, जाब त्यालाच द्यावा लागतो. डबा उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये, राग आला तरी चालेल.

विटा
गलाईवाल्यांसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांसाठी. सोनं चेक-इनमध्ये कधीच नको. बिल किंवा चलन हातातल्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा. बॅग उघडायच्या आधीच ‘साहेब, दागिने आहेत, आडोशाला बघा’ असं सांगा. चारचौघांत ट्रेमध्ये ओतायची गरज नाही. कामाचं नायट्रिक आम्ल कुठल्याही बॅगेत चालत नाही, बाटली कितीही लहान असो.

कोरेगाव
घराघरात फौजी असलेल्या भागात एक गोष्ट हमखास चुकते: जुनी पिशवी. कप्प्यात विसरलेलं जिवंत काडतूस निघालं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, ‘माहीत नव्हतं’ हे पुढं पोलिसांना पटवत बसावं लागतं. पिशवी उलटी करून झटका, अस्तरात हात घाला.

मिरज
पेसमेकर असेल तर कार्ड खिशात हवं. हातातलं डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नये, हातानं झडती घ्यायला सांगावं. बायकांची झडती महिला जवानच घेते, पडद्याआड. कृत्रिम पाय असेल तर खासगीत तपासा म्हणायला संकोच नको.

वाळवा
डिजियात्राबद्दल, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणाऱ्या सोयीबद्दल, लोक गोंधळतात. ती डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली आणि ऐच्छिक आहे. चेहरा न देता तिकीट आणि ओळखपत्र दाखवून नेहमीच्या रांगेतून जाता येतं. आधारच पाहिजे असंही नाही, मतदार कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. फक्त नाव तिकिटाशी जुळलं पाहिजे. डिजियात्रा वापरलीच तर विमानतळावरची माहिती उड्डाणानंतर 24 तासांत पुसायची, असा नियम सांगितला जातो. दारातला माणूस मोबाईल घेऊन ‘जरा इकडं बघा’ म्हणाला तर कशासाठी, हे विचारायचा हक्क तुमचा आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय, पण रांगेत तो निकाल ऐकवू नका. ‘मला साधी रांग हवी’ एवढंच म्हणा, काम होतं.

झडतीला मात्र नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर विमान सोडायचं, एवढाच पर्याय.

आणि बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकू नका. बारकोडमधून नाव आणि पीएनआर कोणीही वाचू शकतं.

वाई
काडेपेटी, लायटर दोन्ही बॅगांत बंद. अडकित्ता चेक-इनमध्ये. सुपारी हवी तर आधीच कातरून घ्या.